विषय मुलाने काढायची वाट पाहू नका

दत्तक मुलांच्या आईवडिलांशी बोलताना एक वाक्य हमखास कानावर येतं. "आम्ही तिला सगळं सांगितलंय, पण ती कधी काही विचारतच नाही. तिच्या मनात तसलं काही नाहीच." मी स्वतः दत्तक आहे. पाच महिन्यांची असताना पुण्यातल्या एका संस्थेतून कोल्हापुरात आले, इथेच शिकले, इथल्याच एका सहकारी बँकेत नोकरी करते, आणि आता माझी मुलगी दहावीला आहे. हे वाक्य ऐकलं की त्या आईवडिलांना समोर बसवून सांगावंसं वाटतं: मूल विचारत नाही म्हणजे त्याच्या मनात काही नाही, असं समजू नका. बऱ्याचदा ते तुम्हाला जपत असतं.

मी सात-आठ वर्षांची असेन. आई चपात्या लाटत होती आणि मी ओट्याला टेकून कणकेच्या गोळीशी खेळत होते. मी विचारलं, "मी जिच्या पोटात होते ती बाई दिसायला कशी होती?" लाटणं थांबलं. आई रागावली नाही, ओरडली नाही. पिठाचे हात पदराला पुसले आणि म्हणाली, "मला नाही माहीत गं बाळा." मग पुन्हा लाटायला लागली, पण नेहमी गोल येणारी चपाती त्या दिवशी कडेला फाटली. तिने खोटं सांगितलं नव्हतं. तिला खरंच माहीत नव्हतं. पण मी ती फाटलेली चपाती पाहिली आणि ठरवून टाकलं की हा प्रश्न आईला लागतो. त्यानंतर कॉलेज संपेपर्यंत मी तो विषय घरात काढला नाही, आणि आईला वाटत राहिलं की मला त्याची गरजच नाही.

त्या वेळी आणखी दोन वाक्यं पुरली असती. "मलाही कधी कधी वाटतं, कशी असेल ती. तुझे डोळे बघितले की वाटतं, तिचेही असेच असतील का. तुला काय वाटतं?" बस. माहिती नसली तरी चालते. आईसोबत बसून त्या बाईविषयी विचार करायची मोकळीक असली पाहिजे.

म्हणून पुढे जे काही लिहिते आहे, त्याचा गाभा हा आहे: विषय तुम्ही काढायचा. पुन्हा पुन्हा काढायचा. मुलाने काढायची वाट पाहायची नाही.

सांगायचं कधी, किती आणि कोणत्या शब्दांत

मूल मांडीवर असतानाच सुरुवात करा. कळत नसेना का, पण तुमच्या तोंडाला सवय होते. पहिल्यांदा सांगताना आवाज कापतो, घसा दाटतो. ते सगळं मुलाला शब्द समजायच्या आधी होऊन जाऊ दे. तीन-चार वर्षांच्या मुलाला एवढं पुरतं: "तू दुसऱ्या एका बाईच्या पोटात वाढलास. तिला तुला सांभाळणं शक्य नव्हतं. मग तू संस्थेत होतास, तिथल्या मावशींनी तुला सांभाळलं आणि मग आम्ही तुला घरी आणलं." या वयात मुलं ही गोष्ट आनंदाने ऐकतात, पाहुण्यांना सांगतात, आणि आईवडिलांना वाटतं, झालं, जिंकलो.

खरी कसोटी त्यानंतर येते, साधारण सहा ते नऊ या वयात. तोवर मुलाला दुसरी बाजू उमगलेली असते. आपण या घरी आलो, म्हणजे त्याआधी कुणीतरी आपल्याला सोडलं. तीच गोष्ट, जी ऐकून ते टाळ्या पिटायचं, आता टोचायला लागते. काही मुलं गप्प होतात, काही चिडचिडी होतात, काही अचानक फार शहाण्यासारखी वागू लागतात. मला या शहाण्यांची जास्त काळजी वाटते. कधी हट्ट नाही, कधी उलट उत्तर नाही, ताटात पडेल ते निमूट खाणं, पाहुण्यांसमोर कौतुक होईल असं वागणं. आपल्या इथे असं मूल म्हणजे संस्कारांचं फळ मानतात. पण काही वेळा त्यामागे हिशोब असतो: एकदा सोडलं गेलंय, पुन्हा सोडलं जाऊ नये. अशा मुलाला मुद्दाम हट्ट करायला जागा द्या. ते चिडलं तर त्याच दिवशी रात्री जवळ घेऊन सांगा, "तू भांडलास तरी तू आमचाच. ते काही बदलत नाही."

काही वाक्यं टाळा. "तिचं तुझ्यावर खूप प्रेम होतं, म्हणूनच तिने तुला दिलं." हे सांगणाऱ्याच्या मनात माया असते, मला माहीत आहे. पण मुलाचं गणित सरळ असतं: प्रेम असलं की माणसं देऊन टाकतात, आणि तुमचंही माझ्यावर प्रेम आहे. त्यापेक्षा जे कागदावर आहे तेच सांगा आणि जे नाही ते नाही म्हणा. "ती लहान होती आणि एकटी होती, एवढं लिहिलंय. तिच्या मनात काय होतं ते लिहिलेलं नाही." तिला देवी करू नका आणि वाईटही ठरवू नका. तिच्यावर केलेली टीका मूल स्वतःच्या अंगावर घेतं, कारण ते तिच्याच पोटचं आहे.

"आम्ही इतक्या मुलांमधून तुला निवडलं" हेही नको. एक तर आता ते खरं नाही. कारा म्हणजे केंद्रीय दत्तक यंत्रणेच्या पोर्टलवर नोंदणी केली की प्रतीक्षायादीतल्या क्रमाने मुलाची माहिती येते, रांगेत उभं करून कोणी निवडत नाही. आणि दुसरं म्हणजे, निवडलेल्या मुलाला कायम निवडीच्या लायकीचं राहावं लागतं.

उपकाराचं ओझं

"पोरीचं नशीब बघा, कुठे असती आणि कुठे आली." हे मी हळदीकुंकवाला ऐकलंय, बारशाला ऐकलंय, माझ्या स्वतःच्या लग्नात अक्षता पडल्यावर पाच मिनिटांनी ऐकलंय. बोलणाऱ्या बायका वाईट नसतात. पण हे ऐकत वाढलेल्या मुलाला दुःख करायचा हक्कच उरत नाही. वाढदिवसाला उदास वाटलं तर तो कृतघ्नपणा वाटतो. आईशी भांडण झालं की इतर पोरं दार आपटून मोकळी होतात, आणि आपण खोलीत जाऊन स्वतःलाच दोष देत बसतो.

अशा वेळी तिथल्या तिथे, मुलाच्या देखत बोला. माझ्या वडिलांची, अण्णांची, पद्धत मला अजून आवडते. कुणी माझ्या नशिबाचं काढलं की ते चहाचा कप खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "मूल आम्हाला हवं होतं, वहिनी. तिने आमच्याकडे अर्ज केला नव्हता." आवाज चढवायचे नाहीत, पण विषय तिथे संपायचा. घरी गेल्यावर मुलाची समजूत काढणं वेगळं आणि त्या माणसासमोर आपली बाजू घेतली जाणं वेगळं. ही दुसरी गोष्ट मूल आयुष्यभर विसरत नाही.

तुमच्या स्वतःच्या तोंडूनही उपकाराची भाषा जाऊ नये, रागाच्या भरातसुद्धा. "तुझ्यासाठी काय नाही केलं" हे सगळेच आईबाप कधी ना कधी म्हणतात. दत्तक मुलाला तेच वाक्य दुप्पट वजनाने लागतं.

आपल्याकडचा तो जुना विनोद तर घराबाहेरच ठेवा. "तुला बोहारणीकडून भांड्याच्या बदल्यात घेतलंय", "तुला उकिरड्यावरून उचलून आणलंय." पोटच्या मुलांना असं चिडवतात आणि ती रडून पाच मिनिटांत विसरतात, कारण ते खोटं आहे हे त्यांना आतून माहीत असतं. आमच्याकडे ती खात्री नसते. माझा मामा मला नव्हे, माझ्या धाकट्या भावाला असं चिडवायचा. मी शेजारी बसून पोटात गोळा आल्यासारखी ऐकायचे. सुट्टीला सगळे जमायच्या आधीच मामा, आत्या, काका यांना फोन करून स्पष्ट सांगा की हा विनोद या घरात कुणाशीच करायचा नाही. आणि "परत पाठवून देईन हां" ही धमकी तर हसत हसतही नको.

घरात पोटचं भावंड असेल तर

माझा भाऊ माझ्यानंतर चार वर्षांनी आईच्या पोटी झाला. तो हुबेहूब अण्णांसारखा दिसतो, चालतोही तसाच. आल्यागेल्याने म्हणायचं, "अगदी बापावर गेलाय." मग नजर माझ्याकडे वळायची आणि बोलणारा गडबडून गप्प व्हायचा. त्या गप्प बसण्याने जास्त लागायचं. आईने यावर एक छान केलं होतं, बहुधा ठरवूनही नसेल. ती म्हणायची, "आणि ही बोलायला लागली की माझी सासू आठवते, तोच ठसका." खरंच, आजीच्या मांडीवर वाढले म्हणून तिची बोलायची ढब माझ्यात आली होती. असं खरं साम्य शोधा. नाक आजोबांसारखं आहे असं उगाच म्हणू नका, मुलाला आरसा दिसतो. पण सवयी, हसणं, जेवताना आधी पापड मोडणं, हे घरातूनच येतं आणि ते मोठ्याने बोलून दाखवण्यासारखं आहे.

वारशाचं मात्र बोलून भागत नाही, लिहून ठेवा. 1956च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यानुसार दत्तकाच्या तारखेपासून ते मूल सर्व बाबतींत तुमचंच असतं, 2015च्या बाल न्याय कायद्याखालच्या दत्तकालाही तोच अर्थ आहे. कायदा पक्का आहे, भाऊबंदांचं सांगता येत नाही. 1890 साली जोतीराव फुले गेले तेव्हा दत्तकपुत्र यशवंतला टिटवं, म्हणजे अंत्ययात्रेपुढचं मडकं, धरायला भाऊबंदांनी हरकत घेतली, आणि सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं हातात घेतलं. जोतीरावांनी 1887 सालीच मृत्युपत्र करून ठेवलं होतं. इतक्या मोठ्या घरात हे घडलं, तर आपल्या घरात घडणार नाही असं कशाला धरून चालायचं? मृत्युपत्र करा, नोंदवा आणि मोठ्या झालेल्या सगळ्या मुलांना एकत्र बसवून वाचून दाखवा. माझ्या अण्णांनी ते केलं. त्यात मला घरातला किती वाटा मिळाला यापेक्षा "माझी थोरली मुलगी" हे शब्द स्टॅम्पपेपरवर छापलेले दिसले, हे मला जास्त मोलाचं वाटलं.

शाळा, दवाखाना, वाढदिवस

शाळेत परिसर अभ्यासात "माझे कुटुंब" येतं. वंशवृक्ष काढा, तान्हेपणीचा फोटो आणा, तू कुणासारखा दिसतोस ते लिही. वर्ष सुरू होतानाच वर्गशिक्षिकेला भेटा आणि मुलाची पूर्वकथा न सांगता एवढंच म्हणा, की असा प्रकल्प देणार असाल तर आधी मला कळवा. मूल दत्तक आहे हे शाळेला सांगायचं की नाही, हे मूल पाच-सहा वर्षांचं झालं की त्याला विचारून ठरवा. ती गोष्ट त्याची आहे. सोसायटीच्या ग्रुपवर, भिशीत, देवळाच्या पायरीवर ती सांगत सुटू नका. अशी खासगी माहिती सगळ्या गावाला ठाऊक आणि आपल्याला मात्र चोरून कळलेली, असा अनुभव माझ्या ओळखीतल्या एका मुलाला आला होता. वर्गातल्या पोराने त्याला सांगितलं. त्या पोराला त्याच्या आईने सांगितलं होतं, आणि त्याच्या आईला ह्याच्या काकूने.

दवाखान्यात "घरात कुणाला शुगर, बीपी, हार्टचा त्रास?" असं विचारतात. तुम्ही मुलाच्या आधी उत्तर द्या, शांतपणे: "ती माहिती आमच्याकडे नाही, तपासण्या थोड्या लवकर सुरू करू." माझ्या बाळंतपणाच्या वेळी फॉर्मवरचा तो रकाना रिकामा ठेवताना मला रडू आलं होतं, आणि माझ्या नवऱ्याला वाटलं मी डिलिव्हरीला घाबरले. मुलगी झाली तेव्हा तिच्या उजव्या कानाची पाळी बघितली, माझ्यासारखीच चिकटलेली. रक्ताचं कुणी मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. आई शेजारी बसलेली होती. तिला मी ते सांगितलं, आणि या वेळी ती थांबली नाही. तिने बाळाचं टोपडं वर सारून दोघींचे कान नीट पाहिले आणि म्हणाली, "म्हणजे तिचेही असेच असणार." मला वाटतं, त्या दिवसापासून आम्ही दोघी माझ्या जन्मदात्रीविषयी बोलू लागलो.

वाढदिवसाची उदासी बऱ्याच दत्तक मुलांना असते. आज ती बाई मला आठवत असेल का, हा विचार त्या दिवशी येतोच. केक, फुगे, वीस मुलं असं सगळं असूनही मूल कोपऱ्यात गेलं तर "असं काय करतोस, सगळे तुझ्यासाठी आलेत" म्हणू नका. आदल्या रात्री झोपताना तुम्हीच म्हणा, "उद्या कदाचित तीही तुझी आठवण काढेल." सोडून दिलेल्या बाळांची जन्मतारीख पुष्कळदा डॉक्टरांनी अंदाजाने ठरवलेली असते. तसं असेल तर दहा-बारा वर्षांच्या मुलाला तेही सांगून टाका. पत्रिका मांडायची वेळ आली की भावी सासरच्या माणसांसमोर कळण्यापेक्षा घरात कळलेलं बरं. मूल घरी आलं तो दिवस साजरा करावा का, असंही विचारतात. मुलाला आवडत असेल तोवर करा. ज्या वर्षी ते नको म्हणेल त्या वर्षी कारण न विचारता सोडून द्या.

थोडं मोठं मूल आणलं असेल तर

चार-पाच वर्षांच्या पुढचं मूल स्वतःचं आयुष्य घेऊन येतं. त्याचं नाव बदलू नका. संस्थेतल्या मित्रांची, तिथल्या मावशींची आठवण काढू द्या, शक्य असेल तर भेटवा. माझ्या मैत्रिणीने सहा वर्षांचा मुलगा आणला. पहिले काही महिने त्याच्या उशीखाली पार्ले-जीचे पुडे, अर्धी पोळी, एकदा तर उकडलेलं अंडं सापडलं. सासूबाई म्हणाल्या, चोरीची सवय आहे. मैत्रिणीने त्याच्या पलंगाशेजारी झाकणाचा डबा ठेवला आणि सांगितलं, हा तुझा, यात रोज खाऊ असेल, रात्री कधीही घे. रोज स्वतः भरत राहिली. उशीखालचं हळूहळू बंद झालं, डबा बराच काळ राहिला.

कायद्याप्रमाणे संस्थेचे लोक दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी पाठपुराव्याला येतात. बरेच पालक त्या दिवशी घर लखलखीत करून "सगळं छान" म्हणतात. तसं करू नका. झोपेच्या, खाण्याच्या, चिडण्याच्या अडचणी तेव्हाच सांगा, ती माणसं त्यासाठीच येतात. आणि या मुलांना त्या दिवशी वाटू शकतं की आपल्याला न्यायला आलेत. आदल्या दिवशी सांगून ठेवा की त्या भेटायला येताहेत, चहा पिऊन जातील, तू इथेच राहणार आहेस.

"तू माझी खरी आई नाहीस" हे वाक्य तेरा-चौदाव्या वर्षी कधीतरी येईल. ते ऐकून रडायला आलं तर रडा, पण मुलाला माफी मागायला लावू नका. "तुला राग आलाय. तिच्याबद्दल बोलायचंय का? मी आहे इथे." एवढं म्हणून स्वयंपाकाला लागा. पण मूल सतत गप्प राहत असेल, शाळा टाळत असेल, स्वतःला इजा करत असेल तर दत्तक मुलांसोबत काम केलेला समुपदेशक गाठा. तोवर टेली-मानसच्या 14416 या सरकारी नंबरवर मराठीत बोलता येतं, फोन फुकट आहे.

फाइल

घरी आणताना तुम्हाला मुलाची पार्श्वभूमी सांगणारा अहवाल (चाइल्ड स्टडी रिपोर्ट), वैद्यकीय तपासणीचा अहवाल आणि फोटो मिळतो. दत्तकाचा आदेश पूर्वी कोर्टाचा असायचा. बाल न्याय कायद्यातल्या 2021च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे 2022पासून, तो जिल्हाधिकारी देतात. हे सगळं, सोबत संस्थेत अंगावर असलेलं झबलं, दुपटं, मावशींचा फोटो, एका फाइलमध्ये ठेवा. न धुतलेलं झबलं मिळालं तर न धुता ठेवा. फाइल कपाटाच्या लॉकरमध्ये असू दे, पण तिथे आहे हे मुलाला माहीत असावं आणि मागितली की बाहेर निघावी. आमच्या घरी ती तपकिरी फाइल मी नोकरीला लागल्यावर पहिल्यांदा पाहिली. आईच्या दागिन्यांच्या डब्याखाली होती, इतकी वर्षं जपून.

अठरा पूर्ण झाली की दत्तक व्यक्ती स्वतः मूळ शोधासाठी, म्हणजे आपल्या जन्मदात्यांचा शोध घेण्यासाठी, अर्ज करू शकते. त्याआधी आईवडिलांसोबत संयुक्त अर्ज करावा लागतो. अर्ज संस्थेकडे, राज्याच्या दत्तक यंत्रणेकडे किंवा काराकडे जातो. दुसऱ्या कुणाला, अगदी नवऱ्यालाही, तुमच्या वतीने शोध घेता येत नाही. जन्मदात्रीने नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर तिची लेखी संमती लागते. ती नाही म्हणाली किंवा सापडली नाही, तर मूल कोणत्या परिस्थितीत सोपवलं गेलं ते तरी कळतं. मला तेवढंच कळलं आणि ते कमी नव्हतं.

मूल हा अर्ज करायचं म्हणालं तर "आमच्यात काय कमी पडलं?" हा प्रश्न नवऱ्याला, बहिणीला, समुपदेशकाला विचारा. मुलाला विचारू नका. अर्जाबरोबर दत्तक आदेशाची आणि ओळखपत्राची प्रत जोडायला मदत करा, पोच घ्या, तारीख लिहून ठेवा. संस्थेत बोलावलं तर सोबत जा, पण आत येऊ का, असं दारातच विचारा. नको म्हणालं तर बाहेरच्या बाकावर बसा. आत तास गेला तरी फोन करू नका. बाहेर आल्यावर आधी काही खायला घाला, आणि गाडीत ते स्वतः बोलेपर्यंत काय झालं ते विचारू नका. घरी पोहोचेपर्यंत काहीच बोललं नाही, तर दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला विषय तुम्ही काढा.